जिच्या नावावर काही नाही, ती देणार काय? (धर्मभगिनी, मैत्री आणि दानत)

रेघोट्या

मठात राहणाऱ्या बाईला घरून एखादी वस्तू आली तर ती कुणाची? प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण मठांचे जुने नियम चाळताना लक्षात आलं की नियम लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना ह्या प्रश्नाने सतावलंय. आणि उत्तर वाचलं की लिहिणारं माणूस कसं होतं तेही कळतं.

ऑगस्टीनच्या नावाने ओळखला जाणारा नियम पुरुषांच्या आणि बायकांच्या, दोन्ही मठांत चालला. त्याचं म्हणणं असं: आईबापांनी कपडा आणून दिला तरी तो लपवून ठेवायचा नाही. तो मठप्रमुखाच्या हवाली करायचा, मग ज्याला गरज असेल त्याला मिळेल. सहाव्या शतकात बेनेडिक्टने आपला मठनियम लिहिला, तो आणखी पुढे गेला. त्याच्या ५४व्या प्रकरणात पत्र, भेट, लहानसहान वस्तूसुद्धा परवानगीशिवाय घ्यायची नाही, आईवडिलांकडूनही नाही. परवानगी मिळालीच, तरी ती वस्तू कुणाला द्यायची ते मठाधिपती ठरवणार. आणि ज्याच्या नावाने ती आली होती त्याने वाईट वाटून घ्यायचं नाही. म्हणजे लोकांना वाईट वाटत होतं तर!

मग येते इटलीतल्या असिसीची क्लेअर. बाईने बायकांसाठी लिहिलेला आणि पोपने मंजूर केलेला पहिला मठनियम तिचा. मंजुरी आली ९ ऑगस्ट १२५३ रोजी आणि ११ तारखेला ती गेली. तिच्या नियमाच्या आठव्या प्रकरणात लिहिलंय की घरून काही आलं तर मदरने (म्हणजे मठप्रमुख बाईने) ते त्या सिस्टरलाच द्यावं. तिला गरज असेल तर तिने वापरावं. नसेल तर गरज असलेल्या दुसरीला तिनेच प्रेमाने देऊन टाकावं. (रोख पैसे आले तर मात्र मदरने जाणत्या सिस्टरांचा सल्ला घेऊन तिच्या गरजेचं बघायचं.)

वस्तू तिन्हीकडे शेवटी गरजवंताकडेच पोचते. पण पहिल्या दोन ठिकाणी देणारा हात वरिष्ठांचा आहे आणि क्लेअरकडे तो त्या सिस्टरचा स्वतःचा आहे. दारिद्र्याच्या बाबतीत क्लेअरइतकी कडवी बाई शोधून सापडणार नाही, तरी देण्याचा आनंद तिने काढून घेतला नाही. ह्याचं मूळ मला तिच्या मैत्रीच्या कल्पनेत दिसतं. त्याच प्रकरणात ती सांगते की प्रत्येकीने आपली गरज दुसरीला विश्वासाने सांगावी. आई पोटच्या मुलीला जीव लावते, मग सिस्टरने सिस्टरला किती लावावा, असंही विचारते.

ती स्वतः कशी मैत्रीण होती त्याचा पुरावा म्हणजे प्रागच्या आग्नेसला लिहिलेली चार पत्रं. आग्नेस राजकन्या. सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचं स्थळ नाकारून मठात गेलेली. पहिलं पत्र १२३४ च्या सुमाराचं, शेवटचं १२५३ चं. दोघींची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. शेवटच्या पत्रात क्लेअर तिला आपल्या आत्म्याचा अर्धा भाग म्हणते.

तुम्हाला काय वाटतं? आतलं जग ठाऊक असणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

शंकेखोर

लेखन आवडलं, निष्कर्ष पटला नाही. जी वस्तू माझी नाहीच ती मी दुसऱ्याला दिली, ह्यात माझं गेलं काय? खिशाला चाट बसली तर दानत. इथे खिसाच नाही. शिवाय राहणं, खाणं, औषधपाणी संस्थेकडे. उद्याची चिंता नसलेल्या माणसाने उदार असणं फार अवघड नसावं.

आणि मैत्रीचं म्हणाल तर माझ्या ऐकिवात उलटंच आहे. मठांत मैत्रीवर बंदी असायची ना?

काजवा

आधी तांत्रिक दुरुस्ती, कारण धाग्याचं नाव वाचूनच मला खाज सुटली.

सिस्टरच्या नावावर काहीच नसतं हे सरसकट खरं नाही. १९८३ च्या कॅथलिक चर्च कायद्याचं कलम ६६८ बघा. पहिली व्रतं घेण्याआधी आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवायचा असतो. कायमची व्रतं घेण्याआधी देशाच्या कायद्यात टिकेल असं मृत्युपत्र करायचं असतं. म्हणजे बहुतेक संस्थांमध्ये वडिलोपार्जित जमिनीची मालकी तिची राहू शकते, फक्त तिला तिचा हवा तसा वापर करता येत नाही. संपूर्ण त्याग करणाऱ्या संस्था वेगळ्या, तिथे मालकीचा अधिकारच संपतो.

मात्र व्रत घेतल्यानंतर ती जे कमावते ते संस्थेचं. शिक्षिकेचा पगार, नर्सचा पगार, सगळा. पेन्शनही, संस्थेच्या नियमात वेगळं काही नसेल तर. शंकेखोर, खिशाला चाट म्हणालात ना, ती इथे बसते. उभ्या नोकरीचा पगार दर महिन्याला देऊन टाकायचा आणि स्वतःच्या चपलांसाठी मागायला जायचं. आपल्यापैकी किती जणांना जमेल?

रेघोट्या

काजवा, दुरुस्ती मान्य. शीर्षक मात्र बदलणार नाही, तुमच्या अचूक शीर्षकाने धागा कुणी उघडला नसता. :)

मागच्या बाकावरची

मैत्रीवर बंदी होती का? होती आणि नव्हती.

व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेपर्यंत (कॅथलिक बिशपांची मोठी बैठक, १९६२-६५) बऱ्याच नवशिक्यांना पहिल्या महिन्यातच ‘विशेष मैत्री’पासून सावध केलं जायचं. करमणुकीच्या तासाला दोघींनीच कोपऱ्यात बसायचं नाही. फिरायला जाताना कुणाबरोबर जायचं ते वरून ठरायचं. पत्रं वरिष्ठांच्या नजरेखालून जायची. मठांमध्ये एक जुनं सूत्र होतं: क्वचित एकटं, दोघं कधीच नाही, नेहमी तिघं. कारणं दोन. एक, शारीरिक जवळिकीची धास्ती, जी उघड बोलली जात नसे. दुसरं तितकंच खरं: पंधरा-वीस बायका आयुष्यभर एका छपराखाली राहणार असतील तर दोघींची गट्टी तिसरीला फार लागते. शाळेतल्या मधल्या सुट्टीत एकटं पडलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको.

स्पेनमधल्या आविलाच्या तेरेसाचंच बघा. १५६२ मध्ये तिने आपला पहिला सुधारित मठ काढला तो मुद्दाम छोटा, तेरा जणींपुरता ठेवायचा ह्या विचाराने. त्याआधी ती ज्या मठात राहिली तिथे शंभराहून जास्त बायका होत्या. श्रीमंत घरच्यांना स्वतंत्र खोल्या, गरिबाघरच्यांना सामाईक शयनगृह. आपल्या सिस्टरांसाठी लिहिताना ती खास जवळिकींपासून सावध करते, आणि त्याच ओघात सांगते की इथे सगळ्यांनी मैत्रिणी असायचं, सगळ्यांनी एकमेकींवर प्रेम करायचं, सगळ्यांनी एकमेकींना मदत करायची.

बरं, बाईंनी स्वतः हे पाळलं का? अजिबात नाही! सेव्हिलच्या मठाची प्रमुख मारिया दे सान होसे तिची लाडकी होती आणि पत्रांत ते लपत नाही. रुसवे आहेत, पत्र का नाही आलं म्हणून तक्रारी आहेत, तब्येतीच्या चौकशा आहेत, खरडपट्टी आहे. सेव्हिल म्हणजे अमेरिकेहून येणाऱ्या जहाजांचं गाव, त्यामुळे मारिया तिकडच्या नवलाईच्या वस्तू धाडायची. एकदा तिने चक्क नारळ पाठवला. मध्य स्पेनमध्ये बसलेली साठी ओलांडलेली तेरेसा त्या नारळाबद्दल इतक्या अप्रूपाने लिहिते की वाचताना हसू येतं. दारिद्र्याचं व्रत घेतलेल्या दोन बायका, मध्ये खेचरांचा कित्येक दिवसांचा प्रवास, आणि नारळ.

उत्तररात्र

नारळ भारी!

पण मैत्रीवरच्या संशयात तथ्य होतं हे दाखवणारंही एक प्रकरण आहे. बाराव्या शतकातली जर्मन मठप्रमुख हिल्डेगार्ड. ग्रंथ, संगीत, औषधी वनस्पती, सगळ्यात गती. तिचा पहिला मोठा ग्रंथ लिहिताना रिशार्डिस नावाची तरुण सिस्टर तिची उजवा हात होती. ११५१ मध्ये रिशार्डिसची दुसऱ्या मठाची प्रमुख म्हणून निवड झाली. हिल्डेगार्डने आकाशपाताळ एक केलं. मुलीच्या आईला लिहिलं, तिच्या भावाला लिहिलं (तो आर्चबिशप होता), थेट पोपपर्यंत गेली. म्हणायला कारणं धार्मिक, पण नंतर रिशार्डिसलाच लिहिलेल्या पत्रात सरळ विलाप आहे. पुढच्याच वर्षी रिशार्डिस तिकडे वारली. भावाने कळवलं की ती रडत होती आणि तिला परत यायचं होतं.

एवढी थोर बाई, पण मैत्रीण सोडायची वेळ आली तेव्हा मूठ उघडली नाही. मला वाटतं धागाकर्तीच्या दोन विषयांची खरी गाठ इथे पडते. वस्तू देणं त्यामानाने सोपं असावं.

शंकेखोर

उत्तररात्र, उलट मला ह्या प्रकरणात हिल्डेगार्ड पहिल्यांदा माणूस वाटली. बाकी संतचरित्रांत सगळ्या कायम हसतमुख.

हसतमुखावरून आठवलं. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली तेरेज, जिचं आत्मचरित्र पुढे छापलं गेलं. एका सिस्टरचं वागणं-बोलणं तिला अजिबात आवडत नसे, म्हणून ती मुद्दाम तिच्याशी जास्तच गोड वागायची. इतकी की त्या बाईने एकदा विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं, मला बघितलं की तू हसतेस? ह्याला दानत म्हणायची की ढोंग? माझ्याशी कुणी असं वागलं आणि नंतर मला ते छापील पुस्तकात वाचायला मिळालं तर मला चालणार नाही बुवा.

साधीसुधी

हा धागा मैत्रिणीने पाठवला. मी सिस्टर आहे, संस्थेचं नाव नको.

शंकेखोर, तुमचा प्रश्न आम्हालाही पडतो. नोव्हिस (नवशिकी) असताना तेरेजची ती गोष्ट मलाही खोटी वाटली होती. पण तिचीच दुसरी एक गोष्ट बघा, ती कमी लोक सांगतात. मठात एक आजारी, चिडखोर म्हातारी सिस्टर होती. संध्याकाळी तिला प्रार्थनेतून उठवून भोजनगृहापर्यंत न्यायचं काम तेरेजने मागून घेतलं. हळू चाललं तरी ओरडा, भरभर चाललं तरी ओरडा. नेऊन बसवलं, बाह्या सावरून दिल्या की काम संपायचं. काही दिवसांनी तेरेजच्या लक्षात आलं की अधू हातांनी हिला भांड्यात पाव नीट ठेवता येत नाही. मग निघण्याआधी तेवढंही करून द्यायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर म्हातारीचा तिच्यावर जीव बसला. इथे आधी लक्ष गेलं आणि आवड मागाहून आली. आमच्याकडची मैत्री बरीचशी अशीच होते. आम्ही एकमेकींना निवडलेलं नसतं.

आता आतलं विचारलंत म्हणून. आमच्या घरात दोघी ज्येष्ठ सिस्टर आहेत. एकीला जवळजवळ ऐकूच येत नाही. रात्रीच्या बातम्या लागल्या की दुसरी तिच्या शेजारी पांढरा फळा घेऊन बसते आणि मुख्य मुख्य बातम्या लिहून दाखवते. गंमत अशी की दोघींचं राजकारण अगदी विरुद्ध. लिहिणारी आपल्या बाजूच्या बातम्या ठळक लिहिते, वाचणारीला ते बरोबर कळतं, मग ती मार्कर हिसकावून खाली उत्तर लिहिते. बातम्या संपतात, फळ्यावरचं भांडण चालू राहतं. ह्या दोघींना कुणी उदार म्हटलं तर दोघीही हसतील.

आणि बदली. बदलीचं पत्र आलं की थोड्या दिवसांत निघायचं. सामान फार नसतंच. पूर्वी मला वाटायचं, इथे आज्ञापालनाच्या व्रताखाली मैत्री तुडवली जाते. अजूनही कधीकधी वाटतं, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट एका सिस्टरकडून शिकले. जाण्याआधी त्या आपल्या जागी येणारीसाठी कागद लिहून ठेवायच्या, हिशेबाचा वेगळा आणि माणसांचा वेगळा. अमक्या सिस्टर गोळी घेतली म्हणून खोटं सांगतात, पाकीट मोजा. तमक्यांना भावाच्या मृत्यूची तारीख जवळ आली की झोप लागत नाही, त्या रात्री त्यांच्याबरोबर थोडं जागा. इतक्या वर्षांत मैत्रीतून जे जे कळलं ते नव्या बाईला देऊन टाकायचं, म्हणजे तिला शून्यापासून सुरुवात करायला नको. मी तरी एवढी दानत दुसरीकडे पाहिली नाही. उत्तररात्र, तुम्ही मूठ उघडण्याबद्दल लिहिलंत म्हणून हे आठवलं.

रेघोट्या

सिस्टर, ह्यासाठीच धागा काढला होता. त्या कागदांबद्दल अजून लिहा ना.

मागच्या बाकावरची

माणसांचा कागद! व्वा.

थोडं कडू लिहिते. ह्या मैत्रीला फार काळ वर्गाची भिंत होती. कित्येक मठांत बायकांच्या दोन श्रेण्या असत. हुंडा घेऊन येणाऱ्या, शिकलेल्या बायका प्रार्थनागृहात बसून लॅटिन स्तोत्रं म्हणणार. गरीब घरच्या, अक्षरओळख नसलेल्या स्वयंपाक, धुणं, शेत बघणार. वेश वेगळा, बसायची जागा वेगळी, मठाच्या निवडणुकीत मत नाही. व्हॅटिकनच्या त्याच परिषदेच्या २८ ऑक्टोबर १९६५ च्या दस्तऐवजाने बायकांच्या संस्थांत एकच श्रेणी असावी असं सांगितलं तेव्हा कुठे हे बंद होऊ लागलं. एकाच घरात आयुष्य काढलेल्या दोघींची मैत्री व्हायला १९६५ उजाडावं लागलं असेल तर ‘सगळ्यांनी मैत्रिणी असायचं’ ह्या वाक्याचं करायचं काय?

परतलेली

मी काही वर्षं सिस्टर होते आणि बाहेर पडले. हा धागा दोनदा बंद करून परत उघडला.

काजवांनी कलम ६६८ सांगितलं, त्याचं पुढचं टोक म्हणजे ७०२. संस्था सोडणाऱ्या बाईला तिथे केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. त्याच कलमात पुढे म्हटलंय की संस्थेने तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं. ‘मागता येत नाही’ पक्कं, ‘प्रेमाने वागावं’ हे मात्र वरिष्ठांवर. मला निघताना जे मिळालं त्यात भाड्याच्या खोलीची अनामत रक्कमही भागली नाही. कपडे कुठले घालायचे इथपासून प्रश्न. नोकरीच्या अर्जात मधल्या वर्षांचा पगार काय लिहायचा?

ही तक्रार संस्थेबद्दल. मैत्रिणींबद्दल नाही. पूर्वी कुणी सोडून गेली की तिचं नाव काढायचं नाही अशी पद्धत होती. सकाळी जेवणाच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी दिसायची, बस. माझ्या वेळी तेवढं नव्हतं, पण फोन आपोआप बंद झाले. एकीचा नाही झाला. तिच्याकडे द्यायला पैसे नव्हते आणि ती चोरून काही देणारी नव्हती. तिने वरिष्ठांकडे जाऊन, माझं नाव घेऊन, माझ्याकडे महिन्यातून एक रविवार घालवायची परवानगी मागितली. ती मागण्यात तिचं काय पणाला लागलं ते आतल्या बायकांना कळेल. शंकेखोर, खिशाचं उत्तर हे. खिसा नसलेल्या बाईकडे पत असते, ती तिने खर्च केली.

साधीसुधी

परतलेली, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहवेना. आमच्या संस्थेत आता सोडून जाणाऱ्यांसाठी ठरलेली रक्कम आहे आणि त्यांना वार्षिक मेळाव्याचं बोलावणंही जातं. ते सुरू व्हायला उशीर झाला. ज्या आधी गेल्या त्यांना काय मिळालं, मला माहीत आहे.

शंकेखोर

परतलेली, उत्तर पोचलं. पत खर्च करणं ही दानत, मान्य.

पण मोठी शंका अजून शिल्लक आहे. आपापसात मैत्री आणि बाहेर कठोरपणा असंही होतं. आयर्लंडमधल्या मॅग्डालेन लाँड्र्या आठवा, म्हणजे सिस्टरांनी चालवलेले धुलाईखाने, जिथे मुली-बायकांना कोंडून काम करून घेत. १९२२ पासून शेवटची बंद होईपर्यंत, म्हणजे १९९६ पर्यंत, दहा हजारांच्या आसपास मुली-बायका तिथे राबल्याचं सरकारी अहवालच सांगतो. पगार नाही, बाहेर जायची मुभा नाही. चालवणाऱ्या चार संस्था, चारही सिस्टरांच्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, पण भरपाईत वाटा उचलायला त्या चारही संस्थांनी नकार दिला. त्या मठांतही करमणुकीचा तास असेल, वाढदिवस होत असतील, एकमेकींच्या आजारपणात जागरणं झाली असतील. मग ह्या मैत्रीचं मोल काय?

रेघोट्या

तुमच्या मुद्द्याला आणखी धार देते. त्या चारांतली एक संस्था म्हणजे सिस्टर्स ऑफ मर्सी. तिची संस्थापिका कॅथरीन मॅकॉली डब्लिनची. ज्या जोडप्याकडे ती राहत होती त्यांची मोठी इस्टेट तिला मिळाली. त्यातून तिने १८२७ मध्ये गरीब मुली-बायकांसाठी घर उघडलं: राहणं, शिकणं, काम मिळेपर्यंत आसरा. १८३१ मध्ये संस्था झाली. खळखळून हसणारी, पत्रांत विनोद करणारी बाई. १८४१ मध्ये मरताना तिने निरोप काय ठेवला? मी गेल्यावर सगळ्या जणींनी मिळून चांगला चहा घ्या आणि एकमेकींना धीर द्या. मृत्युशय्येवर दुसऱ्यांच्या चहाची काळजी करणाऱ्या बाईच्या संस्थेने पुढे दोन लाँड्र्या चालवल्या.

हे दोन्ही एकाच वाक्यात बसवायचा प्रयत्न मी सोडून दिलाय. पण एक निरीक्षण. कॅथरीनच्या घरातून मुलगी काम शिकून बाहेर पडावी अशी अपेक्षा होती. लाँड्रीचं दार बाहेरून आत यायला उघडं, आतून बाहेर जायला बंद. जिला ‘घेणारी’ म्हणून आत घेतलं तिला देण्याचा, नाकारण्याचा, निघून जाण्याचा हक्कच नाही. तिथे दान उरत नाही, ताबा उरतो. क्लेअरच्या त्या आठव्या प्रकरणाकडे मी म्हणूनच पुन्हा पुन्हा जाते.

काजवा

हे ‘काही सडके आंबे’ म्हणून सोडता येणार नाही. सरकार, न्यायालयं, कुटुंबं सगळ्यांनीच त्या मुली तिथे पाठवल्या. तरी किल्ली ज्यांच्या हातात होती त्यांची जबाबदारी त्यांची. एवढं बोलून मी गप्प.

मागच्या बाकावरची

विषय थोडा बदलते. सोर हुआना इनेस दे ला क्रूझचं नाव अजून कसं नाही आलं? मेक्सिको सिटीच्या मठातली कवयित्री. व्हाइसरॉयची बायको मारिया लुइसा तिची जिवलग मैत्रीण. ती स्पेनला परतली तेव्हा हुआनाच्या कविता घेऊन गेली आणि १६८९ मध्ये माद्रिदमध्ये छापून आणल्या. ही मैत्रीण नसती तर आज त्या कविता आपल्यापर्यंत आल्या असत्या का, मला शंका आहे. पुढे हुआनाने आपला ग्रंथसंग्रह विकला, पैसे गरिबांना गेले. १६९५ मध्ये साथीत आजारी सिस्टरांची शुश्रूषा करताना तिलाही लागण झाली आणि त्यातच ती गेली. ग्रंथ स्वखुशीने दिले की चर्चच्या दबावाखाली, ह्यावर अभ्यासकांची आजही जुंपते. माझं मत दबावाच्या बाजूने. पण रोग्यांच्या उशाशी बसायला तिला कुणी भाग पाडलं असेल असं वाटत नाही.

उत्तररात्र

मी पेशाने डॉक्टर, म्हणून शेवटी माझं आवडतं उदाहरण. अमेरिकेत १९८६ साली विस्मरणाच्या आजारावर एक अभ्यास सुरू झाला. स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम ह्या संस्थेच्या ७५ वर्षांवरच्या ६७८ सिस्टर त्यात आल्या. दरवर्षी स्मरणशक्तीच्या चाचण्या द्यायच्या, जुन्या नोंदी संशोधकांना वाचू द्यायच्या आणि मेल्यावर मेंदू द्यायचा. सगळ्यांचं राहणीमान, आहार, काम बरंचसं सारखं, धूम्रपान नाही. संशोधकाला ह्याहून चांगला गट कुठला मिळणार?

त्यात एक भाग मजेशीर. ह्या सिस्टरांनी तरुणपणी, साधारण बाविशीत, व्रतं घेण्याआधी छोटी आत्मवृत्तं लिहिलेली होती. २००१ मध्ये त्यातली १८० तपासली गेली. ज्यांच्या लिखाणात आनंद, कृतज्ञता, आपुलकी जास्त, त्या सरासरीने जास्त जगल्या. ह्यावरून ‘हसा आणि जगा’ वगैरे ढकलसंदेश निघाले ते सोडा. मला अचंबा वाटतो तो मेंदूंचा. काही जणींच्या मेंदूत शवविच्छेदनात रोगाच्या भरपूर खुणा सापडल्या, पण जिवंतपणी त्यांच्या वागण्या-बोलण्यात काहीच कळलं नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीला आठवेनासं होताना ह्या बायका रोज बघत होत्या. अर्जावर सही करणारीला पक्कं माहीत होतं की फायदा झालाच तर तो तिला होणार नाही.

शंकेखोर, इथे ‘माझं गेलं काय’ विचारू नका म्हणजे झालं. :D

शंकेखोर

नाही विचारत! मेंदू गेला म्हटल्यावर काय विचारणार.

सिस्टर, एक शेवटचं. तुमच्याकडे घरून पार्सल आलं तर क्लेअरचा नियम लागतो की बेनेडिक्टचा?

साधीसुधी

कागदावर बेनेडिक्टच्या जवळचा. आलेली वस्तू सुपीरियरना (घराच्या प्रमुख सिस्टरना) दाखवायची. पूर्वी घरात तीस जणी होत्या तेव्हा तो तसाच चालायचाही, कपाट होतं त्यासाठी. आता आम्ही पाच जणी. माझ्या भाचीने मागे लोकरीची शाल पाठवली, मी ती दाखवायला घेऊन गेले, तर सुपीरियर म्हणाल्या, “तुला नको असेल तर मीच घेते, मला थंडी वाजते.” नियम कुठला ते तुम्ही ठरवा. मी म्हटलं, मलाही वाजते. मग एक दिवसाआड वापरायचं ठरलं. सध्या शाल त्यांच्याकडे आहे आणि आज दिवस माझा आहे, तेव्हा जाते.